गुडघेदुखीच्या ‘कायमच्या इलाजा’साठी विकलेले करंटचे यंत्र

साताऱ्यात आमच्या घराजवळच्या मंगल कार्यालयात गेल्या हिवाळ्यात सांधेदुखीचे मोफत तपासणी शिबिर भरले होते. तेथे माझ्या सासूबाईंना १८,५०० रुपयांना एक यंत्र विकण्यात आले. त्याच प्रकारचे, नामांकित कंपनीचे यंत्र गावातल्या सर्जिकल दुकानात अडीच हजारांच्या आत मिळते, हे आम्हाला नंतर कळले. पैशांची फसवणूक तर झालीच, पण ज्या पद्धतीने ती झाली ती इतरांना कळावी, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

शिबिरातील पांढऱ्या कोटातल्या तरुणाने सासूबाईंच्या गुडघ्याभोवती चार चिकट पॅड लावले आणि यंत्र सुरू केले. वीस-पंचवीस मिनिटांनी त्या उठून चालल्या, तेव्हा दुखणे खरोखरच कमी झाले होते. “आजी, वंगण पुन्हा तयार व्हायला लागलं, आता ऑपरेशनचं नाव काढू नका,” असे त्याने सांगितले आणि शिबिराची सवलत त्याच दिवसापुरती असल्याचे बजावले. गुडघा स्वतःच्या अनुभवाने साक्ष देत असताना त्या माणसावर अविश्वास कोणी का दाखवावा? या साऱ्या व्यवहाराची मेख येथेच आहे. आराम खरा होता. त्यावरून केलेला दावा मात्र धादांत खोटा होता.

या उपचाराला फिजिओथेरपीत ‘टेन्स’ म्हणतात. त्वचेवरून सौम्य विद्युत स्पंदने देऊन मज्जातंतू उत्तेजित करायचे, अशी ही पद्धत आहे. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी १९६५ मध्ये वेदनेचा जो ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धांत मांडला, त्यात तिचा पाया आहे. स्पर्शाची संवेदना नेणारे जाड तंतू उत्तेजित झाले की बारीक तंतूंमधून येणारा वेदनेचा संदेश मज्जारज्जूतच काही प्रमाणात अडवला जातो. कोपर आपटल्यावर आपण ते चोळतो आणि बरे वाटते, त्यामागेही हेच कारण सांगितले जाते. सेकंदाला ८० ते १०० स्पंदने दिली की मुंग्या आल्यासारखे वाटते आणि यंत्र चालू असेपर्यंत, फार तर त्यानंतर थोडा वेळ, दुखणे दबते. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातील हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, त्याने भरून येत नाही आणि वंगणही तयार होत नाही. किंबहुना ब्रिटनमधील ‘नाइस’ या उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत, लाभाचा पुरेसा पुरावा नसल्यामुळे सांध्यांच्या झिजेसाठी टेन्स देऊ नये, असेच म्हटले आहे. काही रुग्णांना त्याने तात्पुरता दिलासा मिळतो आणि जाणकाराच्या देखरेखीखाली तो घेण्यात गैर नाही. पण त्याला इलाज म्हणणे ही लबाडी आहे.

मला सर्वाधिक संताप आला तो पुढच्या प्रकाराचा. सासूबाईंना अनेक वर्षांपासून मधुमेह आहे आणि त्यांच्या तळव्यांची संवेदना बरीच कमी झालेली आहे. तळव्यांना पॅड लावल्यास साखरही उतरते, असे त्यांना सांगण्यात आले होते आणि काही जाणवत नसेल तर करंट वाढवा, असा सल्लाही दिला होता. बधिर त्वचेवर असे करणे धोक्याचे असते, कारण इजा होत असल्याचे रुग्णाला कळतच नाही. त्यांच्या उजव्या तळव्याला फोड आला आणि मधुमेहामुळे ती जखम भरायला फार वेळ लागला. शिबिरात कोणालाही पेसमेकर आहे का, अपस्माराचा त्रास आहे का, हे विचारले गेले नव्हते. वास्तविक पेसमेकर असलेल्या व्यक्तीने हृदयरोगतज्ज्ञाच्या संमतीवाचून हे यंत्र मुळीच लावू नये, आणि मानेच्या पुढच्या भागावर तर ते कोणीच लावू नये. ही माहिती सुशिक्षित घरांतही पोहोचलेली नाही.

खोक्यावर उत्पादकाचे नाव, पत्ता किंवा परवाना क्रमांक, यांपैकी काहीही नव्हते. २०२० पासून भारतात सर्व वैद्यकीय उपकरणे कायद्याने औषधांच्या व्याख्येत आली आहेत, त्यामुळे हा तपशील नसणे हीच धोक्याची पहिली खूण मानावी. शिवाय मधुमेह, संधिवात, अर्धांगवायू असे विकार बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्याच कायद्याने मनाई आहे. आम्हाला मिळालेली पावती कच्ची होती, तिच्यावर जीएसटी क्रमांक नव्हता, आणि पैसे यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यात गेले होते. शिबिर उठल्यावर त्या व्यक्तीचा फोन बंदच झाला.

आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि अन्न व औषध प्रशासनाकडेही लेखी अर्ज दिला. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही. परंतु ज्याच्याविरुद्ध दाद मागायची त्याचे नाव-पत्ता आपल्याकडे असावा लागतो, आणि आमचे घोडे तेथेच अडले आहे. मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकांकडे चौकशी केली, तेव्हा सभागृह रोखीने भाड्याने दिल्याचे आणि आयोजकांचे कोणतेही ओळखपत्र न घेतल्याचे समजले. यापुढे आरोग्य शिबिरासाठी जागा देताना आयोजकांचे ओळखपत्र, उपस्थित डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि विक्री होणार असल्यास उपकरणाचा परवाना घेतल्याशिवाय सभागृह देऊ नये, असे पत्र आम्ही त्यांना दिले असून शेजारच्या सोसायट्यांनाही त्याच्या प्रती पाठवल्या आहेत.