पॅराबेन तोडायला अल्ट्रासाउंड रिअॅक्टर: काम चोख, पण विजेचा खादाड (5 पैकी 3.5)

पाण्यातले पॅराबेन तोडायच्या कामासाठी लॅबमध्ये आधी 20 किलोहर्ट्झचा प्रोब (पाण्यात बुडवायची, अल्ट्रासाउंड सोडणारी धातूची दांडी) होता, मग हा खालून प्लेट असलेला हाय फ्रिक्वेन्सीचा रिअॅक्टर आला, दोन्ही भरपूर वापरून झालेत म्हणून लिहितोय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण जे सांगणार आहे ते बहुतेक सगळ्याच मशीनना लागू आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शाम्पू, क्रीम, औषधाची सिरप नासू नयेत म्हणून जे घालतात त्यातलं हे पॅराबेन, मिथाइल, इथाइल, प्रोपाइल, ब्युटाइल अशी सगळी भावंडं. धुतलं की गटारात आणि तिथून नदीत. शरीरात थोडंफार इस्ट्रोजेनसारखं वागतात म्हणून त्यांच्यावर डोळा आहे, युरोपने तर 2014 मध्ये कॉस्मेटिकमधल्या प्रोपाइल आणि ब्युटाइलची मर्यादा 0.14 टक्क्यांवर आणली. त्यात पाण्यात क्लोरीन असेल तर क्लोरीन चिकटलेले पॅराबेन तयार होतात, म्हणजे नवीनच भानगड.

आता मशीन. अल्ट्रासाउंडच्या लाटांनी पाण्यात बारीक बुडबुडे तयार होतात, फुगतात आणि फटकन मिटतात, त्या क्षणी आतलं तापमान 5000 केल्विनच्या आसपास जातं, बाहेरचं पाणी मात्र जेमतेम कोमट. त्यात पाण्याचेच रेणू फुटून हायड्रॉक्सिल रॅडिकल (समोर येईल त्याच्याशी लगेच भिडणारे तुकडे) निघतात आणि ते पॅराबेनवर तुटून पडतात. वरून कुठलंही केमिकल घालावं लागत नाही, ही गोष्ट मला सगळ्यात आवडली.

प्रोब आणि प्लेट यात काय घ्यायचं म्हणाल तर या कामाला डोळे झाकून प्लेट. प्रोब ढवळायला, पेशी फोडायला, इमल्शन करायला भारी आहे, पण रॅडिकल काढण्यात 200 ते 600 किलोहर्ट्झचे प्लेटवाले त्याला मागे टाकतात. शिवाय प्रोबचं टायटॅनियमचं टोक झिजतं, वापरून काही काळ झाला की त्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसतात आणि तो धातूचा चुरा तुमच्याच सॅम्पलमध्ये उतरतो. आणि आवाज! कानाला मफ लावल्याशिवाय त्या खोलीत बसवत नाही. प्लेटवाला त्या मानाने अगदीच गुपचूप.

ब्युटाइल पटकन जातो, मिथाइल रेंगाळतो, कारण ब्युटाइलला पाणी फारसं आवडत नाही, तो बुडबुड्याच्या कडेला जाऊन बसतो आणि रॅडिकल तिथेच सगळ्यात जास्त असतात.

ब्रोशरवर लिहिलेल्या वॅटवर अजिबात जाऊ नका. साधी चाचणी करा, कूलिंग बंद ठेवून अर्धा लिटर पाणी घ्या, मशीन चालवा आणि तापमान बघत राहा. 5 मिनिटांत 10 अंश चढलं तर पाण्यात साधारण 70 वॅट गेले, मग डब्यावर 200 लिहिलेलं असो नाहीतर 500. पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण घालून ते किती पिवळं होतं तेही बघा, त्यावरून ऑक्सिडायझर किती तयार होतात ते कळतं. चाचणी झाली की मात्र चिलर, म्हणजे पाणी गार ठेवणारं यंत्र, हवाच, पाणी तापलं की बुडबुड्यांत वाफ भरते, मिटताना जोर राहत नाही. आमच्या मशीनसोबत जॅकेट (गार पाणी फिरवायला भांड्याभोवतीचं आवरण) आलं, चिलर वेगळा घ्यावा लागला, विक्रेत्याने आधी चकार शब्द काढला नव्हता, अर्धा स्टार तिथेच गेला.

बाकीचा एक स्टार विजेचा. समजा प्लगमधून 200 वॅट ओढतोय आणि अर्ध्या लिटरमधले 90 टक्के पॅराबेन जायला तास लागला, तर हजार लिटरला 400 युनिट होतात! ओझोन यापेक्षा कितीतरी कमी विजेत तेच काम करतो. त्यामुळे ‘सांडपाणी प्रक्रियेसाठी उत्तम’ असं जे सेल्सवाले म्हणतात ते एका कानाने ऐका आणि दुसऱ्याने सोडा. त्यात डेमो नेहमी डिस्टिल्ड पाण्यात देतात, खऱ्या सांडपाण्यात इतर सेंद्रिय घाणच रॅडिकल खाऊन टाकते आणि वेग बसतो, म्हणून डेमोला आपलं पाणी घेऊन जा, बाटलीभर पुरे.

आणखी एक, नुसत्या यूव्ही स्पेक्ट्रोमीटरवर 256 नॅनोमीटरला रीडिंग घेऊन खूश होऊ नका, तुटताना जे मधले पदार्थ बनतात तेही त्याच भागात प्रकाश शोषतात. एचपीएलसी (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणारं यंत्र) लागतेच, आणि जमलं तर टीओसी (पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन) पण करा, कारण पॅराबेन गायब झाला तरी त्याचा कार्बन बराच वेळ पाण्यातच असतो. आमच्याकडे एचपीएलसीच्या आलेखातला पॅराबेनचा पीक (उंचवटा) पार सपाट झाला तरी टीओसीचा आकडा ढिम्म हलत नव्हता. मशीन जास्त वेळ चालवलं की उतरतो, पण मग वरचा युनिटचा हिशोब परत मांडावा लागतो.