लेनिनग्राडची कॅसेट, रत्नागिरीतील दुरुस्ती

बोटीवर नोकरीला असलेल्या माझ्या काकांनी १९८६ साली लेनिनग्राड (आजचे सेंट पीटर्सबर्ग) बंदरातून आणलेली एक कॅसेट रत्नागिरीजवळच्या भाट्ये गावातील घरी लाकडी पेटीत पडून होती. गेल्या पावसाळ्यानंतर पेटी उघडली, तेव्हा फितीच्या दोन्ही गुंडाळ्यांवर पिठासारखी पांढरी बुरशी चढलेली दिसली. जुन्या कॅसेटी साफ करून त्यांतील आवाज पेनड्राइव्हवर उतरवून देणारे एक लहानसे दुकान रत्नागिरीच्या बाजारपेठेत आहे. तेथे ती दिली.

कॅसेटवर ‘अक्वारियम’ या १९७२ साली सुरू झालेल्या रशियन रॉक गटाची गाणी आहेत. १९८० साली जॉर्जियातील तिबिलिसीच्या रॉक महोत्सवातील त्यांचे वादन अधिकाऱ्यांना रुचले नाही आणि गटप्रमुख बोरिस ग्रेबेन्शिकोव्ह यांची नोकरी गेली. पुढे ध्वनिमुद्रक आंद्रेई त्रोपिलो यांनी मुलांच्या तंत्रशिक्षण केंद्रातील स्टुडिओत त्यांची गाणी मुद्रित केली आणि श्रोत्यांनीच एका फितीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर उतरवून घेत ती देशभर पोहोचवली. अशा प्रत्येक प्रतीत खरखर थोडी वाढत जाते.

दुकानदारांनी माझ्यासमोर फीत जुन्या डबीतून काढली, अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मऊ कापडाने वीत-वीत करत पुसली आणि नव्या डबीत भरली. चार दिवस लागले, चारशे रुपये पडले. काम जिव्हाळ्याचे आहे, यात शंका नाही.

तक्रार एकच. पहिल्या फाइलमध्ये संगणकावर खरखर इतकी पुसली होती की झांजा बोथट झाल्या आणि गायकाचा श्वासही नाहीसा झाला. माझ्या लेखी ती खरखर दोष नव्हे; ही गाणी किती अनोळखी माणसांनी धोका पत्करून जपली, याची कॅसेटवर उरलेली तेवढीच खूण आहे. हे सांगितल्यावर त्यांनी वाद न घालता, जादा पैसे न घेता मूळ आवाजाची फाइल करून दिली. मात्र ही सूचना ग्राहकाने आधीच द्यावी.

युक्रेनवरील युद्धाला विरोध करणाऱ्या ग्रेबेन्शिकोव्ह यांना २०२३ साली रशियाने ‘परदेशी हस्तक’ ठरवले. ते लंडनमध्ये राहतात. ऐन तारुण्यात ज्याची नोकरी काढून घेतली, त्याच माणसावर सत्तरीच्या उंबरठ्यावर पुन्हा शिक्का मारला जातो, हे ती फाइल ऐकताना मला फार लागले.

काकांच्या पेटीत अजून सहा कॅसेटी आहेत. मृग लागण्यापूर्वी त्या याच दुकानात द्यायच्या आहेत, प्रत्येकीवर ‘खरखर काढू नये’ अशी चिठ्ठी लावून.