१६१३ चे पाटे: पुढे कंपनीचे, मागे बाजारातले (अकरा महिन्यांच्या वापरानंतर)

आमचा २००६ सालचा १६१३ ट्रक लासलगावहून वाशीच्या बाजारात कांदा नेतो. मागच्या उन्हाळ कांद्याच्या तोंडावर चारही पाटे (एकावर एक रचलेल्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांच्या, म्हणजे पानांच्या, स्प्रिंगा) बदलायची वेळ आली. पुढचे पाटे मूळ कंपनीचे लगेच मिळाले, पण मागच्यांना बारा दिवस लागतील असे कळले आणि हंगामात गाडी इतके दिवस उभी ठेवणे शक्य नव्हते. म्हणून मागे बाजारातला, म्हणजे दुसऱ्या उत्पादकाचा, संच बसवला, जो साधारण एक तृतीयांशाने स्वस्तही पडला.

पुढच्या पाट्यांबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. सुमारे ४१,००० किलोमीटरनंतरही दोन्ही बाजूंची कमान सारखी आहे.

मागच्या बाजूस बसवणीच्या दिवशीच रिकाम्या गाडीची उंची, मागच्या आसाच्या हाउसिंगपासून (आवरणापासून) चासीपर्यंत, टेपने मोजून ठेवली होती. तेव्हा दोन्ही बाजू सारख्या होत्या. तिसऱ्या महिन्यात उजवी बाजू ११ मिलिमीटरने खाली आली, पाचव्या महिन्यात १९. कसारा घाट उतरताना भरलेली गाडी उजवीकडे झुकते, हे चालकाने त्याआधीच सांगितले होते. सहाव्या महिन्यात पाटा उतरवला, तेव्हा दुसरे पान, सगळी पाने मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या छिद्रातूनच तुटलेले निघाले. तुटलेल्या तोंडावर दोन रंग होते: निम्मा भाग गंजून काळसर झालेला, उरलेला चकचकीत आणि दाणेदार. म्हणजे भेग बऱ्याच आधी पडली होती आणि आम्ही तशाच पाट्यावर माल वाहत होतो.

दोष सगळा त्या पाट्याला देणे मात्र न्याय्य होणार नाही. बसवताना पाटा आसाला आवळून धरणारे यू बोल्ट जुनेच वापरले होते. यू बोल्ट ढिला पडला की पाटा मधोमध वाकू लागतो आणि सारा ताण छिद्रापाशी येतो, त्यामुळे पाटे बदलताना ते नवेच घ्यावेत आणि पहिल्या काही फेऱ्यांनंतर गाडी भरलेली असताना पुन्हा आवळावेत. तरीही डावीकडेही जुनेच यू बोल्ट होते, आणि ती बाजू केवळ ४ मिलिमीटर बसली. एकाच संचातल्या दोन पाट्यांच्या पोलादात किंवा पाणी देण्यात (तापवून, थंड करून कडक करण्यात) इतका फरक असावा, हे मला सर्वांत खटकले. कंपनीच्या पाट्यासाठी आपण जास्त पैसे मोजतो ते या सारखेपणासाठी, असे माझे मत झाले आहे.

पाट्याच्या टोकांना बसणाऱ्या पिना आणि त्यांभोवतीचे गनमेटलचे (तांब्याच्या मिश्रधातूचे) बुश मात्र बाजारातले घेतले आणि त्यांची तक्रार नाही. एका बुशाचे ग्रीसचे छिद्र जुळत नव्हते, ते पंप मारल्यावर दुसऱ्या टोकाला ग्रीस न आल्याने लगेच कळले आणि दुकानदाराने बुश बदलून दिला. झिजणारा भाग झिजत असल्याचे आधी दाखवतो, पाट्याच्या आतली भेग तशी दिसत नाही. मागे एक जादा पान घालून देण्याचा दुकानदाराचा आग्रह आम्ही नाकारला, कारण त्याने आर.सी. बुकातले मंजूर वजन वाढत नाही आणि रिकाम्या परतीला बॉडीला नुसते हादरे बसतात.

सातव्या महिन्यात मागचे दोन्ही पाटे कंपनीचे बसवले. एकच बाजू बदलली असती तर झोक राहिलाच असता. गेल्या आठवड्यात मोजले, तेव्हा दोन बाजूंत २ मिलिमीटरचा फरक होता.