हाफटाइमचा निकाल: बुकीचा भाव की प्रेडिक्शन मार्केट?

फुटबॉलची मोठी मॅच असली की जळगाव-भुसावळकडच्या पोरांत हा वाद हमखास निघतो. हाफटाइमला कोण पुढे असेल, यावर बुकीकडे लावलेलं बरं की त्या नव्या प्रेडिक्शन मार्केटमध्ये, जिथे लोक निकालाचे ‘हो’ आणि ‘नाही’ आपसात विकत घेतात-विकतात? दोन्हीकडे पर्याय तीनच: हा संघ पुढे, तो संघ पुढे किंवा बरोबरी. खरा फरक आहे तो भाव कोण ठरवतं यात.

रावेरची केळी डोळ्यांपुढे आणा. बुकी म्हणजे बांधावर येऊन भाव सांगणारा व्यापारी. समजा, त्याने बरोबरीला 2.30 (म्हणजे जिंकल्यास 1 रुपयाचे 2.30 परत) आणि दोन संघांना 2.50 व 4.20 असा भाव दिला. 1 ला प्रत्येक भावाने भागून बेरीज करा, साधारण 107 टक्के येतात. वरचे 7 त्याचे. मार्केटमध्ये मात्र लिलाव चालतो. बरोबरीचा ‘हो’ 42 सेंटला घेतला, तर खरा ठरल्यास 1 डॉलर, नाहीतर शून्य. समोर कुणीतरी 58 सेंट लावून ‘नाही’ धरून बसलेला असतो. फी सोडली तर साइटचं त्यात काही नाही. शिवाय अर्धा तास 0-0 गेला की बरोबरीचा भाव चढतो, तेव्हा विकून मोकळं होता येतं.

कागदावर मार्केट सरस. पण पूर्ण मॅचच्या निकालावर गर्दी उसळते, तशी हाफटाइमवर नसते. घेणारा 60 म्हणतो, विकणारा 68 वर अडून बसतो. घेऊन लगेच विकलं तरी 8 सेंट गेले, मग बुकीचे 7 काय वाईट होते? त्यात मोबाइलवरचं प्रक्षेपण काही सेकंद मागे. तुम्हाला गोल दिसेपर्यंत तुमची जुन्या भावाची ऑर्डर कुणीतरी उचललेली असते.

निकाल पहिला हाफ संपल्याच्या शिट्टीवर लागतो, वाढीव मिनिटांसकट; 45+3 चा गोलही धरतात. 2022 च्या विश्वचषक फायनलला हाफटाइमला अर्जेंटिना 2-0 पुढे होती, तिथेच हिशोब मिटला. 90 मिनिटांच्या निकालावर अर्जेंटिना धरून बसलेल्यांना मात्र फ्रान्सच्या एम्बापेने 80 आणि 81 व्या मिनिटाला गोल करून रडवलं.

आता आपल्याकडचं. 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, कौशल्याचे असोत की नशिबाचे. चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद, 1 कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. टेलिग्रामवर सट्ट्याच्या खात्याची ‘आयडी’ वाटणाऱ्याकडे पैसे अडकले तर तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

म्हणून खऱ्या पैशांचे दोन्ही मार्ग माझ्या यादीतून बाद. हौसच असेल तर मॅनिफोल्ड या प्रेडिक्शन मार्केटच्या साइटवर खोट्या चलनात खेळा, आणि आधी पूर्ण मॅचचा बाजार धरा. हाफटाइमला वळलात तर बरोबरीचा भाव पहिल्यांदा बघा. पहिल्या हाफमध्ये दुसऱ्यापेक्षा गोल कमी होतात आणि नवखे नेमके आवडत्या संघामागे धावतात.