लिंक तुटली तरी फोन चालू? डेपोतल्या बॅकअप प्रोसेसरसोबत काढलेला एक खरीप

बियाण्यांच्या धंद्यात फोनचा खरा हंगाम मृगाच्या आगेमागे असतो. विक्रेते, शेतकरी, ट्रान्सपोर्टवाले सगळे एकदमच फोन लावतात, आणि नेमकं त्याच दिवसांत वादळ सुटलं की लाइट जाते, डेपोला मुख्य कार्यालयाशी जोडणारी डेटा लिंकही जाते. आमचं मुख्य कार्यालय जालन्यात, डेपो परभणी, नांदेड आणि लातूरला. आधी सगळ्या फोनचा कारभार जालन्यातल्या एकाच सर्व्हरवर होता. लिंक गेली की परभणीत समोरासमोरच्या दोन टेबलांवरचे फोनसुद्धा एकमेकांना लागत नसत. मागच्या खरिपाच्या आधी प्रत्येक डेपोत मीडिया गेटवे, म्हणजे डेपोतले फोन बाहेरच्या लाइनला जोडणारी पेटी घेतली. त्यातच बॅकअप कॉल प्रोसेसरचं कार्ड, म्हणजे मुख्य सर्व्हर मिळेनासा झाला की कॉल जोडण्याचं काम हाती घेणारं. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण ढोबळ रचना बहुतेकांची सारखीच असते.

प्रत्येक फोनकडे आणि गेटवेकडे सर्व्हरची यादी असते: पहिला जालन्याचा, दुसरा डेपोतला. जालन्याकडून ठरावीक वेळ उत्तर आलं नाही की ते डेपोतल्या कार्डावर नोंद करतात. आमच्याकडे याला दोन-तीन मिनिटं लागतात, तेवढा वेळ नवा कॉल लागत नाही. बाहेरच्या लाइनवर चालू असलेलं बोलणं मात्र तुटत नाही, कारण आवाज डेपोतल्या फोन आणि गेटवे यांच्यातच वाहत असतो, जालन्याला जातच नाही. तो कॉल होल्ड करता येत नाही की दुसऱ्याला देता येत नाही, एवढंच. हे मला सगळ्यात आवडलं. ऑर्डर सांगता सांगता विक्रेत्याचा फोन कटला की तो पुढच्या कंपनीला लावतो.

लिंक नसताना डेपो एक बेट होतो. परभणीहून जालन्याचा चार आकडी एक्स्टेन्शन थेट लागत नाही. त्यासाठी बॅकअपच्या डायल प्लॅनमध्ये, म्हणजे कुठला नंबर कुठे पाठवायचा या यादीत, नियम घालून घ्या: असा आकडा आला की पुढे 02482 आणि बोर्डाचा नंबर लावून कॉल बाहेरच्या लाइनने पाठवायचा. बसवणारे हे आपणहून करत नाहीत, मागे लागावं लागतं. व्हॉइसमेल आणि कॉल रेकॉर्डिंग जालन्यातच असल्यामुळे तेवढा वेळ दोन्ही बंद. आणि एक लक्षात ठेवा, मुख्य सर्व्हरवरची माहिती कार्डावर रोज रात्री उतरते. लिंक तुटलेली असताना कार्डावर काही बदललं, तर जोडणी परत आल्यावर ते राहत नाही.

आता नांदेडची गोष्ट. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली. कार्डाने आपलं काम चोख केलं, सगळे फोन नोंदले गेले, आतल्या आत बोलणं सुरू. पण बाहेर एकही कॉल जाईना. कारण बाहेरच्या कॉलची तीस चॅनेलची पीआरआय लाइन (एका वेळी तीस कॉल) आणि जालन्याशी जोडणारी लीज लाइन, दोन्ही एकाच फायबरवरून, एकाच खड्ड्यातून आलेल्या! बिलं दोन, मार्ग एक. गोदामातले काका म्हणाले, "साहेब, एवढं महागाचं यंत्र घेतलं अन् शेवटी मोबाइलच वापरायचा व्हय?" उत्तर नव्हतं. आता तिथे दुसऱ्या पुरवठादाराची लाइन विरुद्ध बाजूच्या रस्त्याने आणून गेटवेत घातली आहे. बॅकअप प्रोसेसर घेण्याआधी हा मार्ग पायी चालून बघा, नकाशावर विश्वास ठेवू नका.

विजेचंही तसंच. गेटवेला यूपीएस सगळेच देतात, पण फोनला वीज पुरवणारा पीओई स्विच साध्या प्लगवर राहतो. स्विच बंद, की फोन बंद. लातूरला यूपीएस निवडताना स्विचचा भार धरूनच हिशेब केला. शिवाय गेटवेत एक छान सोय आहे: वीज पूर्ण गेली की आतला रिले बाहेरची एक साधी लाइन थेट एका साध्या फोनला जोडतो. तो फोन आम्ही वॉचमनच्या खोलीत ठेवला, 112 लावायला.

लिंक आल्यावर फोन जालन्याला परत फिरण्याची सेटिंग मात्र डोकं लावून करावी लागते. लिंक येत-जात राहिली तर फोन कधी जालन्याला, कधी कार्डाला, अशा येरझाऱ्या घालतात आणि प्रत्येक फेरीत मिनिटं जातात. आम्ही हंगामात लिंक काही काळ स्थिर राहिल्याशिवाय परतायचंच नाही असं ठेवलं, एरवी परतणं रात्रीच.

बँडविड्थची चिंता करणाऱ्यांसाठी: दर वीस मिलिसेकंदांना एक पॅकेट धरलं तर जी.711 (आवाज फारसा न दाबता पाठवण्याची पद्धत) चा एक कॉल हेडरसकट, म्हणजे पॅकेटवरच्या पत्त्याच्या माहितीसकट, सुमारे 80 केबीपीएस घेतो, जी.729 (आवाज दाबून पाठवण्याची) सुमारे 24. आम्ही डेपोच्या आत पहिला आणि लिंकवर दुसरा ठेवला. गेटवेतले डीएसपी, म्हणजे आवाजाचं हे रूपांतर करणाऱ्या चिप, त्यानुसार पुरेसे घ्या. आणि विक्रेता "एसटीडी वाचवून देतो" म्हणून जालन्याचा कॉल लिंकवरून लातूरला नेऊन तिथल्या सार्वजनिक लाइनवर सोडायला सांगेल, तर ऐकू नका. तो टोल बायपास होतो, आपल्याकडे नियमात बसत नाही.

पैसे वसूल झाले का? परभणी आणि लातूरला नक्की झाले. नांदेडला दुसरी लाइन आल्यावर झाले. चार-पाच फोनच्या छोट्या दुकानाने मात्र हे घेऊ नये. दोन मोबाइल आणि एक साधी लाइन पुरते. आम्ही वार्षिक देखभालीच्या करारात नवी अट टाकली आहे: दरवर्षी मे महिन्यात अभियंत्याने प्रत्येक डेपोत येऊन आमच्यासमोर लिंकची केबल उपसायची आणि बाहेरचा कॉल लावून दाखवायचा, मगच बिल पास.