डाव्या स्पीकरच्या मागे तो दोनदा वाकला होता

आमचे ४६ हजार रुपये एका संध्याकाळी गेले. तेही घरात, हॉलमध्ये, चौघांच्या डोळ्यांदेखत. घरच्या स्टिरिओला सबवूफर, म्हणजे फक्त खालचे, जाड सूर वाजवणारा वेगळा स्पीकर, जोडायचा विचार ज्यांच्या मनात असेल त्यांना हे आधी कळावं म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आमच्याकडे जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आहे आणि पाच इंची वूफरचे (खालचे सूर वाजवणारा भाग) दोन छोटे बुकशेल्फ स्पीकर. माझे सासरे, आम्ही त्यांना नाना म्हणतो, तरुणपणी बरीच वर्षं तबला शिकले. आता दिवसभर ऐकत बसणं हाच त्यांचा उद्योग. त्यांची एकच तक्रार असायची, "गाणं ऐकू येतं गं, पण डग्गा पोचत नाही." तक्रार खरीच होती. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झवर (सेकंदाला ६९ कंपनं) असतो आणि पाच इंची वूफर तिथे दमायलाच लागलेला असतो. नानांचं सहस्रचंद्रदर्शन जवळ आलं होतं, म्हणून ठरवलं की यंदा भेट हीच.

ओळखीतून एक माणूस आला. दुकान आहे, घरी येऊन डेमो देतो, पसंत पडलं तरच पैसे. बोलायला अतिशय मऊ. आल्या आल्या नानांच्या पाया पडला. आणि तो जे बोलला त्यातलं बरंचसं खरं होतं, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. खोलीत बास, म्हणजे खालचे सूर, सगळीकडे सारखा नसतो, एका खुर्चीवर घुमतो आणि दुसरीवर गायब होतो, हे खरं. एकाऐवजी दोन सबवूफर दोन ठिकाणी ठेवले तर हा चढउतार कमी होतो, हेही खरं. तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरला सबचं वेगळं आउटपुट नाही, त्यामुळे स्पीकरच्याच वायरवरून सिग्नल घ्यावा लागेल, हे तर शंभर टक्के खरं. नंतर मी एकेक गोष्ट पडताळून पाहिली आणि प्रत्येक बरोबर निघाली. म्हणूनच त्याच्या खोक्यांबद्दलचं खोटंही मी त्याच विश्वासाने ऐकून घेतलं.

डेमो असा झाला. "आधी नुसते तुमचे स्पीकर ऐका," असं म्हणत त्याने नानांच्या आवडीची झपतालातली एक बंदिश लावली. आवाज पातळ, पोकळ. मला वाटलं, आपण इतकी वर्षं हे कसं ऐकत होतो! मग त्याने दोन्ही सब जोडले, वायरी नीट केल्या, तीच बंदिश पुन्हा लावली. खोली भरून गेली. नाना काही बोलले नाहीत, पण यांचा आणि माझा निर्णय त्याच क्षणी झाला.

एका सबचे २३ हजार, दोनचे ४६. "ताई, रोख दिलेत तर टॅक्स वाचेल तुमचा." घरात २६ हजार होते ते रोख दिले, उरलेले २० हजार यूपीआयने. पैसे दुकानाच्या नव्हे, त्याच्या स्वतःच्या नावावर गेले. पावती म्हणून एक छापील कागद मिळाला, वर 'एस्टिमेट' असं लिहिलेला. मी वाचला नाही.

आठवडाभरात नानांनीच पकडलं. म्हणाले, "हा डग्गा एकाच सुरात बोलतोय. मींड कुठे गेली?" डग्ग्यावर मनगट सरकवलं की आवाज खालून वर चढतो, वळतो. आमच्याकडे प्रत्येक आघाताला तोच एक 'घुम्म' येत होता. तानपुऱ्याचा खर्जसुद्धा त्याच 'घुम्म'मध्ये बुडायचा. मी त्यांना सांगितलं की नवीन आहे, कान सरावतील. ते ऐंशी वर्षांचे आहेत, पण कान त्यांचेच बरोबर होते.

मग मुलीने फोनवर टोन जनरेटरचं अ‍ॅप घेतलं. आमचे स्पीकर काढून ठेवले, आवाज कमी ठेवला आणि एकेक सूर वाजवत खाली आलो. ८० हर्ट्झ ठीक. ६५ला खिडकीची काच थरथरली. ५५ला आवाज एकदम पडला. ४०ला सूर नाहीच, नुसती हवेची फुसफुस. बास गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झवर बोलते. म्हणजे ज्यासाठी सबवूफर घ्यायचा ते काम हा करतच नव्हता. एका ठिकाणी दणका, खाली सगळं रिकामं.

खोक्यावर ठळक '१००० वॅट' होतं आणि त्याखाली बारीक अक्षरात पीएमपीओ. पीएमपीओ म्हणजे क्षणभराच्या कल्पित शिखराचा आकडा, त्याला काही अर्थ नाही. पाहायचा तो आरएमएस, म्हणजे सतत देता येणाऱ्या ताकदीचा आकडा. मागच्या फ्यूजवर ०.५ अँपिअर असं लिहिलं होतं. २३० व्होल्टला ही मर्यादा सुमारे ११५ वॅट होते. जो डबा भिंतीतून सतत ११५ वॅटपेक्षा फारसं जास्त ओढू शकत नाही, तो १००० वॅट देणार कुठून? वीज मोजणारा प्लग लावला तर पूर्ण आवाजात ३८ वॅट दाखवले.

शेवटी स्क्रू काढले. बारा इंची जाळीच्या आत बारा इंची प्लॅस्टिकचं कडं आणि त्यात बसवलेला आठ इंची स्पीकर. मॅग्नेटवर जाड रबराची टोपी, ती ओढून काढली तर आत चहाच्या बशीपेक्षाही लहान मॅग्नेट. आणि खोक्याच्या तळाशी सिलिकॉनने चिकटवलेला शहाबादी फरशीचा तुकडा. एका बाजूला करवतीचा ताजा काप, दुसऱ्या बाजूला जुन्या सिमेंटचा पापुद्रा. कुणाच्या तरी घरातून उखडलेली फरशी असणार. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर चार किलोला थोडी कमी भरली. उचलताना "केवढा जड आहे, माल चांगला दिसतोय" असं मीच म्हणाले होते.

त्या संध्याकाळी मुलीने नानांसाठी म्हणून डेमोचा व्हिडिओ काढला होता. तो आम्ही पुन्हा पाहिला. पहिली बंदिश लावण्याआधी तो डाव्या स्पीकरच्या मागे वाकतो, "कनेक्शन तपासतो" म्हणतो. सब जोडल्यावर पुन्हा त्याच स्पीकरच्या मागे वाकतो. आम्हाला संशय आला म्हणून फक्त डाव्या स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लावून पाहिली. आवाज हुबेहूब तसाच झाला, पातळ आणि पोकळ. एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो आणि बास एकमेकांत विरून जातो. म्हणजे आधी आमचेच स्पीकर त्याने बिघडवले, मग सरळ केले आणि त्याचं श्रेय सबना दिलं. खोली भरून गेल्यासारखी वाटली त्यातला मोठा वाटा आमच्याच जुन्या स्पीकरचा होता.

डेमोच्या वेळी तुमच्या वायरींना तुम्हीच हात लावा. तुमची सवयीची गाणी लावा, ज्यात खालचे सूर बदलत जातात अशी. चालू-बंद करून ऐकताना एकूण आवाज सारखा ठेवा, कारण मोठा आवाज नेहमीच जास्त चांगला वाटतो. एक रात्र तरी वस्तू घरात ठेवून ऐकू द्या म्हणा. आणि पक्क्या बिलाशिवाय एक रुपयासुद्धा देऊ नका. आमच्या 'एस्टिमेट'वर छापलेला जीएसटी क्रमांक महाराष्ट्राच्या २७ने सुरू होत होता, पण मोजला तर चौदाच अक्षरं-अंक. ते पंधरा असावे लागतात आणि जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते समोर येतं. दोन मिनिटांचं काम मी केलं नाही.

खोका खोलण्याचीही मी घाई केली. त्याला फोन केला तर आधी "ताई, जुनी रेकॉर्डिंगच तशी असतात" आणि नंतर "सील तुटलं, वॉरंटी संपली." तक्रार नोंदवून मगच, सलग व्हिडिओ काढत खोलायला हवं होतं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन केला आणि तक्रार नोंदवली. तीन आठवड्यांनी यूपीआयचे २० हजार परत आले, कारण त्याची नोंद होती. रोख २६ हजार आपल्याला मिळालेच नाहीत असं तो म्हणतो. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही, राहत्या जिल्ह्यात दाखल करता येते आणि मुदत दोन वर्षांची असते. बिल न देणं हीच २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे मला तिथे कळलं.

दोन्ही खोके, फरशीसकट, गॅलरीत चादरीखाली झाकून ठेवलेत. वकिलांनी सांगितल्यामुळे मुलीचा मूळ फोनही कपाटात जपून ठेवला आहे. व्हिडिओच्या शेवटी, कॅमेरा खाली येताना, टीपॉयवर पाचशेच्या नोटा मोजणारा त्याचा हात दिसतो.