इलेक्शन ट्रेनिंगचा रिव्ह्यू : पाचपैकी तीन स्टार, त्यातले अडीच मशीनवाल्या सरांचे

लोक मिक्सरचा रिव्ह्यू लिहितात, लॉजचा लिहितात, मग इलेक्शन ड्यूटीच्या ट्रेनिंगचा का नको? तीही सर्व्हिसच आहे की, फक्त गिऱ्हाइकाला नको म्हणायची सोय नाही. ऑर्डर हातात पडली की तुम्ही आयोगाकडे डेप्युटेशनवर, आणि दांडी मारली तर नोटीस येते, तिच्यात लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३४ छापलेलं असतं. हे कलम आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना पाठ आहे, बाकी कायदा कुणी उघडूनही बघितलेला नाही.

मी शाळेत शिकवते. याआधी दोनदा ड्यूटी झालीये, एकदा मतदान अधिकारी दोन म्हणून शाई लावत बसले आणि एकदा अधिकारी एक म्हणून यादी घेऊन, आणि नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला ऑर्डरवर थेट केंद्राध्यक्ष लिहून आलं. पोटात गोळा आला. आधीच्या दोन्ही वेळा काही अडलं की मान वळवून केंद्राध्यक्षांकडे बघायचं एवढंच माझं काम होतं, आता बाकीचे तिघं माझ्याकडे बघणार. म्हणून यावेळी ट्रेनिंगला पहिल्यांदाच वही घेऊन गेले आणि पुढच्या रांगेत बसले.

पहिलं ट्रेनिंग. मोठा हॉल, चारेकशे माणसं, स्क्रीनवर पीपीटी, आणि माइकवरचे साहेब ती पीपीटी जशीच्या तशी वाचून दाखवतायत. स्लाइडवरची अक्षरं तिसऱ्या रांगेतून दिसत नव्हती, मागच्यांनी काय बघितलं असेल ते त्यांनाच ठाऊक. शाईवर चांगली दहा मिनिटं गेली, ती म्हैसूरच्या कारखान्यात बनते, १९६२ पासून वापरात आहे, त्यात सिल्व्हर नायट्रेट असतं वगैरे. ऐकायला छान वाटतं हो, पण मी मागे शाई लावायला बसले होते तेव्हा एका माणसाला डावी तर्जनीच नव्हती आणि माझा हात तसाच हवेत राहिला होता, तर तेव्हा काय करायचं हे त्या दहा मिनिटांत आलंच नाही. डाव्या हाताच्या दुसऱ्या कुठल्याही बोटाला लावायची, डाव्या हाताला बोटंच नसतील तर उजव्याची तर्जनी. एका वाक्याचं काम. ते मी घरी हँडबुक चाळताना वाचलं.

शेवटी प्रश्नोत्तरं होती, त्यात ड्यूटी रद्द कशी होते हा एकच प्रश्न वेगवेगळ्या आजारांच्या नावाने बारा वेळा विचारला गेला. अर्धा स्टार देते, कारण पोस्टल मतासाठीचा फॉर्म १२ तिथेच भरून घेतला, आणि हँडबुक चांगलं आहे. जाड आहे, भाषा सरकारी आहे, पण जे शोधाल ते सापडतं. आदल्या रात्री बूथवर टॉर्च लावून वाचायची वेळ येते, तेव्हा आधीच खुणा करून ठेवा.

आता दुसरं ट्रेनिंग. हे वर्गावर्गांत होतं, चाळीस जणांना एक मशीन आणि एक मास्टर ट्रेनर. आमचे सर बहुतेक आयटीआयचे असावेत, बोटांना ग्रीसचा डाग होता आणि हातात स्क्रू ड्रायव्हर असल्यासारखे बोलायचे. पीपीटी नाही, माइक नाही. आले आणि टेबलावर तिन्ही डबे मांडून म्हणाले, जोडा. कोणी पुढे होईना, मग पुढच्या रांगेत बसल्याची शिक्षा म्हणून मी उठले.

बॅलट युनिटची (बीयू, ज्याचं बटण मतदार दाबतो) वायर व्हीव्हीपॅटला (मताची चिठ्ठी दाखवणारा डबा), व्हीव्हीपॅटची कंट्रोल युनिटला (सीयू, जे अधिकाऱ्यांकडे असतं), एवढं माहीत होतं, जोडलं, स्विच ऑन केला आणि सीयूवर लिंक एरर. मी लगेच वायर काढून परत लावायला गेले तर सरांनी माझ्या हातावर वहीच ठेवली. "मॅडम, आधी स्विच." सीयू चालू असताना वायरला हात लावायचा नाही, हे पहिल्या ट्रेनिंगच्या स्लाइडवर नक्की असणार, पण मला ते कळलं वही हातावर पडल्यावर. नंतर समजलं की वायर त्यांनीच मुद्दाम बिघडवून ठेवली होती, प्रत्येकाला ते अशीच काहीतरी खोड काढून मशीन द्यायचे. एकाला व्हीव्हीपॅटच्या मागचा नॉब आडवा ठेवून दिला. तो बिचारा पाच मिनिटं बटणं दाबत बसला. सर म्हणाले उभा माणूस काम करतो, आडवा झोपतो, नॉबचंही तेच, आडवा म्हणजे प्रवासात, उभा केला की ड्यूटीवर. हे मी मेले तरी विसरणार नाही.

मॉक पोलचं, म्हणजे खऱ्या मतदानाआधीच्या चाचणी मतदानाचं, त्यांनी पाढ्यांसारखं म्हणून घेतलं. मतदान सुरू व्हायच्या ९० मिनिटं आधी, म्हणजे आमच्याकडे सातला मतदान तर साडेपाचला, उमेदवारांचे एजंट समोर असताना कमीत कमी ५० मतं टाकायची, नोटासकट प्रत्येक बटण दाबलं गेलं पाहिजे, मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर. सीआरसी. चाळीस मोठी माणसं वर्गात बसून एका सुरात क्लोज-रिझल्ट-क्लिअर म्हणतायत, बाहेरून जाणारा शिपाई थांबून बघायला लागला. पण सरांनी कारणही सांगितलं, क्लिअर करायचं राहिलं तर मॉकची ५० मतं खऱ्या मतांत जाऊन बसतात आणि मतमोजणीला ते मशीन बाजूला काढून ठेवावं लागतं, आणि मग तुमचं नाव सगळ्या जिल्ह्याला कळतं. नुसतं मशीन क्लिअर करून भागत नाही, व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या पण काढायच्या, मागे मॉक पोलचा शिक्का मारायचा, काळ्या पाकिटात घालून सील करायच्या. एक जण म्हणाला चिठ्ठ्या राहिल्या तर काय होतंय, त्यावर सर नुसते हसले.

मग त्यांनी तोंडी परीक्षाच घेतली. भर मतदानात बॅलट युनिट बंद पडलं, काय बदलाल? निम्मे लोक म्हणाले बॅलट युनिट. चूक. सीयू किंवा बीयू गेलं की अख्खा सेट बदलायचा, आणि नव्या सेटवर पुन्हा मॉक पोल, पण ५० नाही, नोटासकट प्रत्येक उमेदवाराला एकेक मत. फक्त व्हीव्हीपॅट गेलं तर तेवढंच बदलायचं आणि मॉक नाही. हा फरक मी हँडबुकात दोनदा वाचूनही डोक्यात बसला नव्हता, तिथे चुकीचं उत्तर देऊन सगळ्यांसमोर हसं झालं आणि बसला. अडीच स्टार इथे. अजून दिले असते, पण चाळीस जणांत एक मशीन म्हणजे माझ्या वाट्याला धड चार मिनिटं, मागचे लोक बाकावर उभे राहून मोबाइलमध्ये शूट करत होते. मशीन शूट करून येत नाही हो, कव्हरचा खटका किती जोरात दाबायचा ते बोटालाच कळतं. दहा जणांत एक मशीन द्या आणि पहिलं ट्रेनिंग बंद करा, काही बिघडणार नाही.

त्याच दिवशी पोस्टल मतदानाची सोय होती, चांगली गोष्ट, पण एकच टेबल. दीड तास रांगेत. लोकांच्या रांगा कशा हाताळायच्या हे शिकवणाऱ्यांची स्वतःची रांग जिन्यावरून खाली आलेली.

तिसरं ट्रेनिंग म्हणजे साहित्य घ्यायच्या दिवशी मांडवात लाउडस्पीकरवरून चाललेल्या सूचना, त्याला ट्रेनिंग म्हणत असतील तर एसटी स्टँडवर पण रोज ट्रेनिंगच चालतं. बूथ कुठलं ते त्याच दिवशी कळतं, टीम गोळा करायची, मशीनचे नंबर यादीशी ताडून बघायचे, सामान मोजायचं, यात कोण काय ऐकणार. शून्य स्टार.

आता हे सगळं कामाला आलं का? साडेपाचला आमच्याकडे एकच एजंट हजर. आधीची मी असते तर घाबरून फोनाफोनी केली असती, पण सरांनी सांगितलेलं, १५ मिनिटं थांबायचं आणि मग सुरू करायचं, केंद्राध्यक्षाच्या डायरीत लिहायचं. तसंच केलं, दुसरा एजंट बाराव्या मिनिटाला डोळे चोळत आला.

दुपारी एक आजोबा आत गेले आणि तसेच बाहेर आले. आमचे तिसरे अधिकारी, शांत माणूस, दिवसभर फारसं बोलले नाहीत, ते एकदम म्हणाले, "मॅडम, बीप नाही झाला." सीयूवर बिझीचा लाल दिवा तसाच. म्हणजे सीयूवरून मशीन मतासाठी मोकळं करून दिलंय पण आजोबांनी बटण दाबलेलंच नाही. त्यांना वाटलं दिवा लागला म्हणजे झालं. आता आत जाऊन दाखवायचं नाही, कप्प्यात त्यांच्याबरोबर आपण जायचंच नाही, मग सामानातला पुठ्ठ्याचा बॅलट युनिट काढला, जो मी आदल्या दिवशी जवळजवळ टाकून देणार होते, आणि बाहेरच त्यावर दाखवलं की निळं बटण असं दाबायचं, काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसेल ती बघायची, आवाज येईपर्यंत थांबायचं. आजोबा परत गेले. लांब बीप आला तेव्हा आम्ही चौघांनी एकदम श्वास सोडला. पुठ्ठ्याचं हे पण त्या वर्गातच कळलेलं.

जे कुठेच शिकवलं नाही ते सहानंतरचं. रांगेतल्या शेवटच्या माणसाकडून सुरू करून पुढे चिठ्ठ्या वाटत यायच्या हे ठीक आहे, क्लोज दाबायचं, व्हीव्हीपॅटची बॅटरी काढायची, तेही ठीक. पण नंतरचे कागद! तिन्ही ट्रेनिंग मिळून याला पाच मिनिटं मिळाली असतील, "कव्हरं तुम्हाला समजतीलच" असं म्हणून. नाही समजत. स्टॅट्युटरीची (कायद्याने ठरवलेल्या कागदांची) हिरवी, नॉन-स्टॅट्युटरीची पिवळी, त्यांच्या आत परत छोटी पाकिटं, १७ ए (मतदारांच्या सह्यांचं रजिस्टर) कुठे, मार्क्ड कॉपी (खुणा केलेली मतदार यादी) कुठे, १७ सी (मतांचा हिशेब) च्या किती प्रती, आणि दिवसभर उभं राहून डोकं बधिर झालेलं. १७ ए मधल्या नोंदी आणि मशीनचं टोटल यात आमच्याकडे एकाचा फरक येत होता, चौघांनी तीनदा मोजलं, शेवटी रिमार्कच्या कॉलममध्ये सापडलं, एका बाईंनी सही करून मत द्यायला नकार दिला होता, ती नोंद मीच केलेली आणि मीच विसरलेले. १७ सी मध्ये त्यासाठी वेगळी ओळ आहे. ट्रेनिंगमध्ये एक खोटा १७ सी भरून घ्या ना सगळ्यांकडून, आकडे मुद्दाम चुकवून द्या, मशीनची खोड काढता तशी कागदाची पण काढा.

जमा करायच्या टेबलावर रात्री साडेदहाला क्लार्कने डायरी परत दिली, दर दोन तासांच्या मतदानाचे आकडे भरलेले नव्हते. फोनवर दिले होते, कागदावर टिपले होते, डायरीत नव्हते. जिन्यात बसून भरले.

ज्यांची पहिलीच वेळ आहे त्यांना दोन गोष्टी. महापालिका-झेडपीची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथे व्हीव्हीपॅट नसतं आणि नियम वेगळे, तेव्हा माझं हे वाचून तिकडे जाऊ नका. आणि पेनं घरून न्या, किटमधली दुपारपर्यंत संपतात. दोन निळी आणि एक लाल, लाल लागतो मार्क्ड कॉपीला, बाई असेल तर तिरक्या रेघेबरोबर नंबराला गोल पण करायचा असतो. माझं लाल पेन एका एजंटने मागून नेलं ते गेलंच.